काकू, प्रबंधात राहून गेलेले आभार

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

माझा एमपीटीचा, म्हणजे फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीचा, प्रबंध नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे गेला. त्यात गाइड, विभागप्रमुख, संख्याशास्त्राचे सर, आईबाबा, सगळ्यांचे आभार मानले आहेत. तुम्ही मात्र त्यात कुठेच नाही. रुग्णाची ओळख उघड करायची नसते, त्यामुळे काका तिथे नुसता एक क्रमांक आहेत, आणि त्यांना ओपीडीत घेऊन येणाऱ्या बाईसाठी तर रकानाच नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, नाव न घेता.

काकांना लकवा मारला त्यात वाचा शाबूत राहिली, चालणंही बरंचसं परत आलं. पण उजवा हात मांडीवर पडून असायचा. नागपुरातल्या महाल भागातल्या दुकानात उभी हयात कात्री चालवलेला हात तो! मनगट आणि बोटं थोडी उघडत होती, तरी काका सगळं डाव्यानंच उरकायचे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी दाखवून दिलं होतं की असा हात न वापरण्याची मेंदूला सवयच लागते. त्यावरचा उपाय म्हणजे चांगला हात अडवून ठेवायचा आणि अधू हाताकडून पुन्हापुन्हा काम करून घ्यायचं. मूळ पद्धतीत दोन आठवडे, जागेपणीचा 90 टक्के वेळ हात अडवतात आणि रोज सहा तास सराव घेतात. आपल्याकडे कोणत्या घराला हे जमणार? म्हणून माझ्या अभ्यासात रोजचे थोडेच तास ठेवले होते, आणि त्यातले बरेचसे घरी.

हात झोळीत बांधण्यापेक्षा जाड हातमोजा बरा, कारण तोल गेला तर माणूस निदान हात टेकू शकतो. हे मी तुम्हाला एकदाच सांगितलं. दुसऱ्या खेपेला तुम्ही जुन्या दुपट्याचा, आत कापूस भरलेला मोजा काकांच्याच मशीनवर शिवून आणलात. मनगटाला नाडी होती, आणि ती काकांना एका हातानं सोडता येणार नाही अशी तुम्ही मुद्दाम बसवली होती.

मग तुम्ही माझ्या व्यायामाच्या कागदाकडे वळलात. "पोरी, हे ठोकळे उचलून काय करतील हे? घरी तुरीच्या शेंगा पडून हायेत, त्या सोलू दे ना." हिवाळाभर तुमच्या घरी सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, काकांनी सोलले. शेंग चिमटीत धरायची, शीर दाबायची, दाणा वाटीत टाकायचा. चिमटीचा इतका सराव, तोही काका कंटाळल्याशिवाय, माझ्या ठोकळ्यांनी कधीच झाला नसता. ठोकळे उचलून कोणाच्या घरी भाजी होत नाही, सोले सोलले की होते. पुढे मी इतर रुग्णांच्या घरच्यांनाही विचारायला लागले, तुमच्याकडे रोज कोणतं काम निघतं?

आणि ते कालनिर्णय! किती वेळ सराव झाला त्याच्या रेघा तुम्ही तारखेच्या चौकोनात मारायच्या. काका रुसले, पाहुणे आले, तुमचा उपास होता, त्या दिवसांचे चौकोन तुम्ही कोरे ठेवलेत. घरच्या सरावाच्या नोंदींचं दुखणंच हे, की डॉक्टरला बरं वाटावं म्हणून लोक रकाने भरून आणतात. कोरे चौकोन कोण दाखवतं? तुम्ही दाखवलेत, म्हणून माझ्या तक्त्यातले आकडे खरे आहेत. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं, की घरच्या नोंदींवर विश्वास कसा ठेवायचा? तुमचे कोरे चौकोन डोळ्यांसमोर होते, उत्तर देताना अडखळले नाही.

हाताची हालचाल आम्ही फुग्ल-मायर मापानं मोजतो, हाताला जास्तीत जास्त 66 गुण. काकांचे गुण वाढले, ते प्रबंधात आहेत. शर्टाची वरची गुंडी काका स्वतः लावायला लागले, ते त्यात नाही. त्या दिवशी तुम्ही ओपीडीतल्या सगळ्यांना त्यांची कॉलर दाखवत फिरलात. माझ्या दोन वर्षांच्या शिक्षणातला तो सगळ्यात मोठा दिवस आहे, काकू, आणि तो तुमच्यामुळे आला.

आता एक मागणं आहे. इथेच नोकरी लागली आहे, आणि असे हातमोजे लागणारे रुग्ण पुष्कळ आहेत. एखाद्या दुपारी येऊन त्यांच्या घरच्यांना बेतायला आणि शिवायला शिकवाल का? कापड आणि कापूस मी आणते, नाडी मात्र तुम्हीच बसवून दाखवा. काकांनाही आणा, कापायला.

तुमची,
ओपीडीतली पोरगी