सापाच्या पेटीतली ऊब आणि खान्देशातला मे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परदेशी साप पाळण्याच्या छंदावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. फोटो सुंदर होते. मात्र पेटीखाली हीटिंग मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, सरकवली की ऊबेचा प्रश्न मिटतो, असा लेखाचा सूर होता. तो वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र.

मी सावद्याला केळी पिकवायच्या बंद खोल्यांची, म्हणजे रायपनिंग चेंबरची, मशिनं सांभाळतो. २३ वर्षं झाली. चेंबर १६ ते १८ अंशांत धरून ठेवायचं, एवढंच माझं काम. १३ च्या खाली गेलं की केळीची साल काळवंडते, वर गेलं की माल मऊ पडतो आणि व्यापारी दारात येऊन उभा राहतो. तापमान राखण्यावर माझं घर चालतं. तरीही माझ्याच घरात, मीच बसवलेल्या यंत्राने एक मुका जीव भाजला.

मुलीने दोन वर्षांपूर्वी पुण्याहून बॉल पायथन आणला. पश्चिम आफ्रिकेतला, बिनविषारी. घाबरला की अंगाचा चेंडू करतो आणि डोकं मध्ये लपवतो. दुकानदाराने पेटी दिली, मॅट दिली, पण ठरलेल्या अंशाला मॅटची वीज तोडणारा थर्मोस्टॅट दिला नाही. लागत नाही म्हणाला. मला ते पटलं नाही, म्हणून माझ्या सामानातला एक थर्मोस्टॅट जोडला आणि त्याचा सेन्सर पेटीच्या आत, मॅटच्या वरच्या काचेवर चिकटपट्टीने लावला. माझी चूक तिथे झाली.

साप रात्री फिरतो, नाकाने सगळं ढकलून पाहतो. पट्टी सुटली आणि सेन्सर पाण्याच्या भांड्याजवळ, गार बाजूला जाऊन पडला. तिथे २४ अंश. थर्मोस्टॅटला वाटलं पेटी गार आहे, म्हणून त्याने मॅट रात्रभर बंद होऊ दिली नाही. सकाळी कॉम्प्रेसर तपासायची इन्फ्रारेड गन, म्हणजे न टेकवता तापमान दाखवणारं यंत्र, काचेवर धरली तर आकडा आला ४७. आणि साप त्याच काचेवर वेटोळं घालून बसलेला.

चटका बसत असताना तो उठून बाजूला का गेला नाही, असं ऐकणारा प्रत्येक जण विचारतो. मीही पशुवैद्यांना हेच विचारलं. साप पोटाखालच्या तापल्या जागेवरून आपणहून हलेलच असं नाही, म्हणाले. पुष्कळदा तो भाजेपर्यंत तसाच पडून राहतो. जे साप पाळतात त्यांनी एवढी एक गोष्ट तरी मनात पक्की धरावी.

सुटलेली पट्टी त्याच्या मानेला चिकटली होती. ओढली असती तर कातडी निघाली असती. मुलीने कापसाने शेंगदाण्याचं तेल लावत लावत अर्ध्या तासात ती सोडवली. पहिल्या दिवशी पोट नुसतं गुलाबी दिसत होतं. तिसऱ्या दिवशी फोड आले, मग खवले तपकिरी पडून कडा उचलल्या. सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम सुरू झालं, पेटीतलं कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, काढून कोरा कागद अंथरला, तो रोज बदलायचा. तीन काती टाकल्यावर पोट जरा माणसात आलं.

माझ्या आईला ७८ वर्षं झालीत. नागपंचमीला ती आजही तवा चुलीवर चढवत नाही, विळी हातात धरत नाही. नागाला चटका बसू नये, कापलं जाऊ नये म्हणून. कागद बदलताना तिने ते पोट पाहिलं आणि म्हणाली, “भाऊ, तवा तर आपण त्याच्या पोटाखालीच मांडला रे.” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मी जे करतो ते सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल. मॅट पेटीच्या तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच ठेवतो, म्हणजे सापाला गार बाजूला जायला जागा राहते. बॉल पायथनला उबदार बाजू ३१-३२ अंश आणि गार बाजू २५-२६ पुरते. सेन्सर आत नाही, बाहेरून मॅट आणि काच यांच्यामध्ये बसवतो, अॅल्युमिनियमच्या टेपने, जिथे सापाचं नाक पोहोचत नाही. मग आतून काचेवर गन धरायची आणि ती ३२ दाखवेपर्यंत थर्मोस्टॅट कमी-जास्त करायचा. मोजायचं ते काचेवर, भुशावर नाही, कारण साप भुसा उकरून काचेपर्यंत जातोच. भिंतीला चिकटवायचं काटेवालं थर्मामीटर शेजारची हवा सांगतं, तळाचं काही सांगत नाही.

आणखी एक, आमच्या धंद्यातलं. थर्मोस्टॅटच्या रिलेचे, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचे, पॉइंट कधी कधी जळून एकमेकांना चिकटतात. मग आकडा बरोबर दिसत असतो आणि मॅट मात्र चालूच राहते. चेंबरला आम्ही म्हणूनच दुसरा कटऑफ देतो. तसाच मी मॅटच्या लाइनीत दुसरा थर्मोस्टॅट घातला आहे, त्याचा स्वतःचा सेन्सर, ३५ वर लावलेला. पहिला बिघडला तर दुसरा तोडतो. आमच्याकडे रात्री भार उतरला की व्होल्टेज २५० च्या घरात जातं. २३० ची मॅट तेव्हा जवळजवळ १८ टक्के जास्त वॅट ओढते. थर्मोस्टॅट नसलेली मॅट दुपारी हात लावून बरी वाटली, म्हणून रात्रीही बरी राहील असं नाही.

पण हे पत्र घाईने लिहिलं ते मे तोंडावर आला म्हणून. पुण्या-मुंबईचे सल्ले इथे पुरत नाहीत. जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो, केळीला उन्हाची झळ लागू नये म्हणून शेतकरी बागेभोवती शेवरी लावतो. गेल्या मे महिन्यात दुपारी तीनला आमच्या पत्र्याच्या खोलीत मॅट बंद होती, थर्मोस्टॅट आपलं काम चोख करत होता, आणि पेटीत ३९ अंश होते. साप पाण्याच्या भांड्यात अंग मुरडून बसला होता, तोंड किंचित उघडं. थर्मोस्टॅट ऊब थांबवू शकतो, आलेली उष्णता बाहेर काढू शकत नाही. ३५ च्या पुढे या सापाच्या जिवाला धोका सुरू होतो. पेटी त्याच दुपारी उचलून आजोबांच्या धाब्याच्या खोलीत नेली. जाड मातीची भिंत, वर माती. तिथे ३१ च्या वर आकडा गेला नाही. ज्यांच्याकडे अशी खोली नाही त्यांनी पेटी तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला घ्यावी, कूलर खोलीत लावावा पण झोत पेटीवर सोडू नये, आणि फार झालं तर बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या जाळीवर ठेवावी.

थंडीतल्या भारनियमनात पेटीभोवती घोंगडी गुंडाळावी आणि त्या आठवड्यात खायला देऊ नये. अंगात ऊब नसली तर सापाला पचत नाही, तो ओकून टाकतो.

आपला नाग, धामण, अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि बॉल पायथनची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पुढच्या लेखात तेवढी दोन वाक्यं जरूर घ्यावीत. आणि दुकानदारांना माझी हात जोडून विनंती, मॅट विकाल तर थर्मोस्टॅटशिवाय विकू नका. गिऱ्हाईक नको म्हणालं तर मॅटही देऊ नका.

रावेर-यावल तालुक्यात कुणाकडे असा साप असेल आणि सेन्सर लावता येत नसेल तर त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा. रविवारी मी गन आणि टेप घेऊन येईन. पैसे घेणार नाही.

आपला,
एक रायपनिंग चेंबर मिस्त्री
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव
(शेजारी सापाला घाबरतात, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)