पाटीवर नाव नसलेल्या परिचारिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीवरचा आपला २५ जुलैचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण सगळं श्रेय डॉ. पॅट्रिक स्टेप्टो आणि शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स या दोघांना देऊन तो संपतो. मी महापालिकेच्या रुग्णालयात सिस्टर म्हणून निवृत्त झाले. मला ते फार लागलं.

ती पहिली बेबी, लुईस ब्राउन, १९७८ साली जन्मली ती इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅममध्ये. सूतगिरण्यांचं गाव. मुंबईतल्या कितीतरी गिरण्यांची यंत्रं तिथल्या प्लॅट ब्रदर्सची होती. तिचा जन्म झाला ते सरकारी हॉस्पिटल मूळ गोरगरिबांच्या वर्कहाउसच्या जागेवरचं. त्याआधीचं बरंचसं काम मात्र शेजारच्या रॉयटनमध्ये, डॉ. कर्शॉ यांच्या नावाच्या छोट्या कॉटेज हॉस्पिटलात चाललं. १९७१ मध्ये संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने पैसे नाकारले, तरी ते थांबलं नाही.

ते चाललं कुणाच्या जिवावर? स्त्रीबीज नेमकं केव्हा तयार होणार हे कळावं म्हणून दाखल बायकांच्या लघवीचे नमुने दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, तपासायचे. ते काढण्याची वेळ मध्यरात्री आली तर मध्यरात्री ऑपरेशन थिएटर लावायचं. रात्रपाळी केलेल्या कुणालाही यातले कष्ट सांगावे लागणार नाहीत. ओल्डहॅमच्या थिएटरमधल्या म्युरियल हॅरिस आणि त्यांच्या सहकारी नर्सेसनी ते केलं. मूळच्या परिचारिका असलेल्या जीन पर्डी एडवर्ड्स यांच्याबरोबर वर्षानुवर्षं केंब्रिजहून ये-जा करत प्रयोगशाळा सांभाळत होत्या. पुढे जो गर्भ लुईस झाला, त्याच्या पेशी विभागताना पहिल्यांदा त्यांनीच पाहिल्या. आणि त्या २८२ स्त्रिया! इतक्या जणींनी उपचार घेतले, मुलं झाली फक्त दोघींना. बाकीच्या रिकाम्या हातांनी घरी गेल्या. त्यांचा उल्लेखही कुठे नसतो.

ओल्डहॅमच्या हॉस्पिटलात स्मृतिपाटी लावायची ठरली तेव्हा पर्डींचं नाव हवंच, असं एडवर्ड्स यांनी पत्रांतून बजावलं होतं. तरीही पाटीवर नावं आली दोघांचीच. बाकी सगळे ‘सहायक कर्मचारी’. पर्डी १९८५ मध्ये, अवघ्या ३९व्या वर्षी वारल्या. कर्शॉज हॉस्पिटलवर तिघांची नावं असलेली पाटी लागायला २०१५ उजाडलं.

परळचं केईएमही गिरणगावातलंच, सार्वजनिक पैशावर चालणारं. ६ ऑगस्ट १९८६ रोजी तिथे डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्या वेळी थिएटरमध्ये आणि प्रयोगशाळेत राबलेल्या सिस्टर, तंत्रज्ञ, आया कोण होत्या? त्यांतल्या काहीजणी आजही मुंबईत, कोकणात कुठे असतील. आपल्या वार्ताहराने त्यांचा शोध घ्यावा आणि येत्या ६ ऑगस्टच्या अंकात त्यांची नावं छापावीत, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, परळ