स्पॅनिशमधला 'से' सोडवून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

शिकवणी संपली त्या गडबडीत तुमचे नीट आभार मानायचे राहून गेले. जाहीर पत्र अशासाठी की नोकरीनिमित्त इकडे माद्रिदला येणारी आपली मंडळी याच 'से'पाशी, म्हणजे 'स्वतःला' या अर्थाच्या सर्वनामापाशी, अडतात. 'मी'साठी त्याचंच 'मे' होतं.

आधीच्या वर्गात सगळं इंग्रजीच्या आधारानं चालायचं. 'मे लावो' म्हणजे 'मी स्वतःला धुते'. ठीक. मग 'मे बोय' म्हणजे काय, मी स्वतःला जाते? तुम्ही पहिल्याच तासाला इंग्रजी बाजूला ठेवायला लावलंत. 'बोय आ कासा', घरी जाते. 'मे बोय', निघते मी. 'दोर्मिर' झोपणं, 'दोर्मिर्से' झोप लागणं. 'मे कोमी ला तोर्तिया' म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट खाऊन टाकलं, अख्खं. प्रत्येक क्रियापदाला हे लागू पडत नाही, हेही तिथेच बजावलंत. 'केखार्से', म्हणजे तक्रार करणं, हे तर 'से'शिवाय येतच नाही. ते मुकाट्यानं पाठ करायचं.

माझं लाडकं वाक्य मात्र 'से मे कायो एल बासो'. माझ्या हातून पेला पडला! पाडला कुणीच नाही. पेले जास्त असले की 'कायो'चं 'कायेरोन' होतं, कारण पडणारे पेले आहेत. आपल्याकडेही ते 'पडले'च. 'मे गुस्ता एल काफे'ला तर पाच मिनिटंही लागली नाहीत. मला कॉफी आवडते. आपल्याला ही वाक्यरचना लहानपणापासून फुकटात मिळालेली आहे, हे सांगायला तुम्हीच भेटावं लागलात.

'लो' आणि 'ले'चा गुंता जास्त होता. ज्याला द्यायचं तो 'ले', जे द्यायचं ते 'लो' किंवा 'ला', आणि दोन्ही शेजारी आले की 'ले'चा 'से' होतो. "'ले लो' फक्त मुंबईच्या भाजीवाल्यानं म्हणायचं," या तुमच्या वाक्यावर वर्ग किती हसला होता! जुन्या स्पॅनिशमध्ये ही जोडी 'झेलो' होती, सिद या स्पॅनिश वीरावरच्या मध्ययुगीन काव्यातही ती तशीच आहे, पुढे उच्चार बदलत 'से लो' झाली, हे कळल्यावर तो नियम लहरी वाटेनासा झाला. शिवाय हा 'से' स्वतःकडे वळणारा 'से' नाही, नुसता तसा दिसतो.

परवा मंडईत मासेवाल्यानं दोरादा तराजूवर टाकला आणि मान वर न करताच विचारलं, "से ला लिंपियो?" तुम्हाला साफ करून देऊ का? 'से' म्हणजे मी, कारण तो मला 'उस्तेद', म्हणजे अहो-जाहो करत होता. 'ला' म्हणजे मासा, कारण स्पॅनिशमध्ये दोरादा स्त्रीलिंगी. मी म्हटलं, "सी, लिंपिएमेला, पोर फाबोर." आज्ञार्थात सर्वनामं क्रियापदाच्या शेपटीला चिकटतात आणि आघात मूळ जागीच, 'लिं'वरच, राहतो. त्यानं खवले काढायला सुरुवातही केली. मागे रांग होती, आणि मला डोक्यात तक्ता मांडावा लागला नाही, ताई!

आणखी एक. ऑफिसात सगळे एखाद्या पुरुषाबद्दल 'ले बि आयेर' (काल त्याला पाहिलं) म्हणतात आणि पुस्तकात 'लो बि' असतं, यावर मी भांडायलाच निघाले होते. माद्रिदकडे हे सर्रास चालतं, एकट्या पुरुषाबद्दल असेल तर रॉयल स्पॅनिश अकादमीलाही चालतं, पण मोबाइल पाहिला तर 'लो'च, असं तुम्ही रात्री उशिरा व्हॉइस मेसेज पाठवून सांगितलंत. मागून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. पुण्यात तेव्हा काय वाजले असतील याचा हिशेब मी नंतर केला आणि ओशाळले.

मनापासून आभार. सब्जंक्टिव्हची, म्हणजे इच्छा-शंका सांगणाऱ्या क्रियारूपांची, पुढची तुकडी सुरू करताय असं ऐकलं. माझं नाव घालून ठेवा, फी आजच पाठवते.

तुमची विद्यार्थिनी,
माद्रिद