अटकेखाली साल पण छापा की

मा. संपादक, स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही मराठा साम्राज्याचा नकाशा दिला होता, अटकेपासून तंजावरपर्यंत सगळा एकाच भगव्या रंगात. माझ्या भाच्याने तो कापून शाळेच्या प्रोजेक्टच्या चार्टवर चिकटवला आणि मग मला विचारतो, मामा, सगळं आपलंच होतं तर शीख लोक तेव्हा कुठे रहायचे? आम्ही गोव्यातल्या पेडण्याचे, त्याला शीख म्हटलं की पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहात गोळी खाल्लेले कर्नेलसिंग तेवढे माहीत. बाकी कोरी पाटी. पण त्याचा प्रश्न बरोबरच आहे हो.

रघुनाथरावांची फौज १७५८ च्या एप्रिलात लाहोरात शिरली, अब्दालीच्या पोराला सिंधूपलीकडे पिटाळलं, हे खरंच आहे, त्यात मला काय म्हणायचं नाय. (त्याच्या आधी सरहिंद घेताना शीख जथेही सोबत होते, ते कोण सांगत नाही.) पण मग राज्य चालवायला बसवलं कोणाला तर तिथल्याच एका मोगल सरदाराला, अदीना बेग खानाला, वर्षाला ७५ लाख द्यायच्या बोलीवर, म्हंजे सरळ मक्ताच की हा. तो बाबा सप्टेंबरात मेला, पुढच्या वर्षी अब्दाली परत आला आणि आपलं ठाणं उठलं. दीड वर्षाचा कारभार. आपण त्याची म्हण करून ठेवली ती गोष्ट वेगळी.

शिखांचं वेगळं होतं. अब्दाली यायचा, लुटायचा, परत जायचा, आणि तो गेला की यांच्या मिसली, म्हंजे सरदारांच्या हत्यारबंद टोळ्या, पुन्हा गावोगाव आपला हिस्सा वसूल करायला हजर, कारण ते तिथलेच, त्यांना परत जायला पुणं नव्हतं. १७६५ मध्ये तीन सरदारांनी लाहोर घेतलं आणि भावांनी घर वाटावं तसे शहराचे तीन वाटे केले. ते वाटे मोडून रणजितसिंगाने १७९९ च्या जुलैत शहर ताब्यात घेतलं तेव्हा तो होता जेमतेम १८ वर्षांचा. मग १८१३ ला अटक, १८१८ ला मुलतान, १८१९ ला काश्मीर, १८३४ ला पेशावर. अटक त्यानंतर इंग्रज येईपर्यंत म्हंजे १८४९ पर्यंत ३६ वर्षं लाहोर दरबाराकडेच, म्हंजे रणजितसिंगाच्या शीख राज्याकडेच राहिली. मधे १८०५ मध्ये यशवंतराव होळकर इंग्रजांविरुद्ध मदत मागायला थेट अमृतसरला गेले होते, रणजितसिंगाने पाहुणचार केला पण फौज काय दिली नाही, आणि होळकरांना बियासच्या काठी तह करावा लागला. हे पण नकाशात कुठे दाखवणार?

आता मला खरं बोलायचंय ते रंगाबद्दल. आमच्या घरी माळ्यावर पणजोबांची एक पत्र्याची ट्रंक आहे, वाळवीने कोपरे खाल्लेली. त्यात भाटाचे, म्हंजे आमच्या माडांच्या बागेचे, कागद आहेत, खालचे मोडीत, सावंतवाडीकर भोसल्यांच्या वेळचे, त्याच्यावर पोर्तुगीज शिक्क्याचे, आणि सगळ्यात वर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यानंतरचे. पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेलं पण भाट तेच, माड तेच आणि वसुलीला येणारा माणूस पण बहुतेक तोच असणार, फक्त शिक्का बदलला. लाहोरातही तसंच झालं बघा, खालसा दरबार आला तरी दफ्तर फारसीतच चालू राहिलं, परराष्ट्राचं काम फकीर अझीझुद्दीन बघायचे आणि हिशेब दिवाण दीनानाथ, जे काश्मिरी पंडित.

काश्मिरात तर याहून वाईट. विणलेल्या प्रत्येक शालीवर शिक्का मारून कर घ्यायचं खातं, त्याला दाग-शाल म्हणायचे, ते अफगाणांनी काढलं. शिखांनी त्यांना हाकललं पण खातं ठेवलं. १८४६ मध्ये इंग्रजांनी ७५ लाख नानकशाही रुपयांना (शिखांचं नाणं) काश्मीर जम्मूच्या डोगरा राजा गुलाबसिंगाला विकलं (परत ७५ लाखच, योगायोग बघा), त्या डोगऱ्यांनीही ठेवलं, शेवटी १८६५ मध्ये विणकर श्रीनगरच्या रस्त्यावर उतरले आणि सैन्य अंगावर आल्याने कितीतरी जण झालडगरच्या पुलावरून पाण्यात पडून मेले. शिखांच्या काळात श्रीनगरची जामा मशीद कितीतरी वर्षं बंद होती हेही सांगायला हवं, रणजितसिंग मला आवडतो म्हणून ते झाकून ठेवणं बरं नाही. शाल विणणाऱ्याला विचारलं असतं तर तीन राजवटींचा एकच रंग सांगितला असता त्याने.

भाच्याने चार्ट अजून दिलेला नाही, सोमवारी द्यायचाय. अटकेखाली मी त्याला पेनाने १७५८-५९ आणि त्याच्या खाली १८१३-४९ लाहोर दरबार असं लिहायला लावलंय, जागा कमी पडली म्हणून तंजावरच्या बाजूने बाण काढलाय. पुरवणीत पुन्हा नकाशा देणार असाल तर तुमच्याकडे जागा भरपूर आहे, बाणाची गरज पडणार नाही.

आपला,
एक वाचक, पेडणे