शेवटच्या खुर्चीवर राग कशाला?

मा. संपादक,
गोव्याच्या कॅसिनोत ब्लॅकजॅक (२१ न ओलांडता कॅसिनोच्या पत्ते वाटणाऱ्यापेक्षा, म्हणजे डीलरपेक्षा, २१ च्या जवळ जायचा पत्त्यांचा खेळ) खेळून आलेली आपल्या लातूर-नांदेडकडची मंडळी हमखास सांगतात, 'डीलरच्या अगदी आधी खेळणाऱ्या शेवटच्या खुर्चीवरच्यानं उगाच पत्ता घेतला, म्हणून डीलर वाचला.' हे साफ चूक आहे. पुढचा पत्ता कुणालाच ठाऊक नसतो. अशी चूक इतरांना सरासरीत जितकी नडते, तितकीच तारते.

निघालेल्या पत्त्यांचा मनात हिशेब ठेवून पैज कधी वाढवायची ते ठरवणारा, म्हणजे पत्ते मोजणाराही शेजाऱ्याचं काही नेत नाही. २ ते ६ निघाला की अधिक १, ७ ते ९ शून्य, १०, गुलाम, राणी, राजा, एक्का उणे १. बेरजेला उरलेल्या कॅटांनी भागायचं. बेरीज ६, कॅट ३ उरले, तर खरा आकडा २; तो जितका मोठा, तितके मोठे पत्ते उरलेल्यांत जास्त. त्याला अडचण गर्दीची: टेबल भरलं की तासाला डाव घटतात. सतत पिसणारं यंत्र असेल तर मोजणी वायाच.

— एक वाचक, लातूर