ताई, त्या एस्टिमेटसाठी मनापासून आभार

आदरणीय ताई,

प्रकाशकांची साइट सुरू झाली. ठरलेल्या तारखेला आणि ठरलेल्या पैशांत. कोटेशन देण्याआधी तुम्ही अख्खी संध्याकाळ माझ्यासोबत एक्सेल उघडून बसलात, त्याचे आभार चारचौघांत मानावेत असं फार वाटत होतं.

"पुस्तकविक्रीची साइट करायचीय, किती घ्याल?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. आकड्याचं नाव काढण्याआधी तुम्ही मला विचारलंत, "मजकूर कुठल्या फाँटमध्ये आहे?" पुस्तकांचे परिचय, लेखकांची माहिती, सगळं श्रीलिपी या युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये, पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फायलींत होतं. साइटला लागणाऱ्या युनिकोडमध्ये मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण रफार नाहीतर एखादं जोडाक्षर कुठेतरी बिघडतंच, म्हणजे प्रत्येक परिचय माणसानेच वाचायला हवा. तुम्ही थोडे परिचय तिथेच कन्व्हर्ट करून, घड्याळ लावून तपासायला सांगितलेत आणि त्यावरून सगळ्या यादीचा हिशेब मांडलात. होमपेजच्या डिझाइनपेक्षा हे काम मोठं निघालं! मग ते प्रकाशकांच्या मुद्रितशोधकांकडे गेलं, आमच्या कोटेशनमधून तेवढी रक्कम वजा झाली आणि मजकूर उशिरा आला तर तारीख तेवढीच पुढे जाईल, हे लेखी ठरलं.

प्रत्येक कामाला तीन आकडे लावायची पद्धतही तुमच्याकडूनच शिकलो. अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी १९५८ मध्ये आलेली ही रीत पुस्तकांच्या दुकानालाही चालते. आमचं उदाहरण 'शोधा'च्या चौकटीचं. कोणी ऱ्हस्व-दीर्घ चुकवतं, कोणी नाव रोमनमध्ये टाइप करतं. सगळं सुरळीत झालं तर २ दिवस, बहुधा ४, आणि फसलंच तर १२. मधल्या आकड्याची चौपट, त्यात बाकीचे दोन, भागिले सहा: ५ दिवस. त्याहून मोलाचं म्हणजे त्या १२ कडे बोट दाखवून तुम्ही म्हणालात, "हे काम आधी घे."

शीटमधला 'कोणाच्या हातात' हा रकाना मला सगळ्यात आवडतो. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, जोडायचं कोडिंग फार नसतं. पण केवायसीची कागदपत्रं प्रकाशकांनी द्यायची, मंजुरी गेटवेवाल्यांनी, आणि त्याआधी साइटवर परताव्याचे नियम नि संपर्काचं पान हवं. एसएमएसचंही तेच, डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांची एसएमस-नोंदणी) हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा ठरीव मजकूर, मंजूर झाल्याशिवाय मेसेज जात नाही. शिवाय इंग्रजी मेसेजला १६० अक्षरं मिळतात, मराठीला काना-मात्रा धरून ७०. "आपली ऑर्डर मिळाली" हे नीट, आदराने लिहिलं की दोन मेसेजचे पैसे पडतात. प्रकाशकांनी ते समजून मराठीच ठेवलं, याचा मला फार आनंद झाला. डोमेन, होस्टिंग आणि हा एसएमएसचा खर्च तुम्ही पहिल्याच दिवशी बांधणीच्या रकमेतून वेगळा काढून त्यांच्या नावावर टाकायला लावलात. 'अमुक हजारांत वेबसाइट' अशा जाहिरातींत नेमकं हेच दडवलेलं असतं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी हबकतं. मला ही पद्धत साफ चुकीची वाटते.

काम अर्ध्यावर असताना प्रकाशकांना लेखकांच्या मानधनाचा हिशेबही साइटवर हवासा वाटला. कोटेशनमधली 'यात काय धरलेलं नाही' ही यादी त्यांनी स्वतःच काढली आणि म्हणाले, "हे नव्याने धरा, पैसेही वेगळे सांगा." घासाघीस नाही, रुसवा नाही. त्या यादीतली प्रत्येक ओळ तुम्ही माझ्याकडून लिहून घेतली होती, तेव्हा याचं श्रेय तुमचंच.

आता त्यांच्या दिवाळी अंकाच्या वर्गणीचं काम आलंय. शीट आज रात्री पाठवतो. पोस्टाने अंक पाठवण्याच्या भागात 'कोणाच्या हातात' हा रकाना मी भरलाय, पण त्यावर तुमची एकदा नजर फिरायला हवी.

आपला,
कोल्हापूरचा वेब डेव्हलपर