157-3 : सेन्सर बदलूनही न गेलेला कोड आणि तुमच्या सेवा विभागाची वागणूक

प्रति,
सेवा विभाग प्रमुख,
मुख्य कार्यालय

विषय : वीस टनी पोकलेनवरील 157-3 हा बिघाडाचा कोड, विनाकारण बदललेला सेन्सर, ईसीएमचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) कोटेशन आणि कालचा फोन.

महोदय,

मशीनचा सिरियल नंबर, अवरमीटरचा फोटो आणि तुमच्याच डीलरची बिलं सोबत जोडली आहेत. हे मशीन मी भंगारातून उचललेलं नाही. तुमच्या अधिकृत डीलरच्या जुन्या मशीनच्या यार्डातून घेतलं. 'तपासून प्रमाणित' असा तुमचा स्टिकर आजही केबिनच्या काचेवर आहे. उन्हाने फिका पडलाय, पण वाचता येतो.

शेततळ्याच्या साईटवर मुरूम काढताना मशीनने एकदम लोड घेणं सोडलं. आर.पी.एम. उठेना, बूम जडावल्यासारखा झाला आणि मॉनिटरवर 157-3 आला. डिझेल फिल्टर बदलला, वॉटर सेपरेटर रिकामा केला, हवा काढली. कोड जागचा हलला नाही. पुस्तकात बघावं तर तुमच्या पुस्तकात प्रत्येक कोडपुढे एकच वाक्य छापलंय : 'अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा.' एवढंच सांगायचं होतं तर इतकी पानं कशाला खर्च केलीत?

संपर्क साधला. तुमचा इंजिनिअर आला, लॅपटॉप जोडला, स्क्रीनकडे पाहून म्हणाला, "रेल प्रेशर सेन्सर गेला." सेन्सर बदलला, बिल लावलं, जुना सेन्सर पिशवीत घालून निघाला. गाडी मुख्य रस्त्याला लागली नसेल, तेवढ्यात कोड परत आला. फोन केला तर म्हणतो, "मग ईसीएम असणार." दुसऱ्या दिवशी ईसीएमचं कोटेशन व्हॉट्सॲपवर हजर, दोन लाख चाळीस हजार अधिक जीएसटी. कोटेशन पाठवायला तुमच्याकडे उशीर होत नाही, हे मान्य करायला हवं.

कॉमन रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना दाबाचं डिझेल पुरवणारी एकच नळी, हे तुम्हाला मी सांगत बसत नाही. इंजिन तुमचं आहे. पण 157 म्हणजे इंधनाच्या रेलचं प्रेशर आणि पुढचा 3 म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त, हे काही तुमच्या तिजोरीतलं गुपित नव्हे. जड गाड्या आणि मशीनसाठीच्या जे1939 या मानकात हे आकडे ठरलेले आहेत आणि ते मानक पाळणाऱ्या ट्रकच्या इंजिनातही 157 चा अर्थ तोच आहे. 3 आला म्हणजे सेन्सर फेका, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. वायर बघा, कनेक्टर बघा, मग सेन्सरकडे या. तुमच्या इंजिनिअरने खिशातून व्होल्ट मोजायचा मीटर काढलाच नाही. होता की नाही कोण जाणे.

मीटर काढला तो आमच्या गावातल्या ट्रॅक्टरच्या वायरमनने. त्याच्याकडे ना तुमचा लॅपटॉप, ना तुमचा वायरिंगचा नकाशा. त्याने सेन्सरचा कनेक्टर सोडवला, चावी ऑन केली. पाच व्होल्टची पिन आणि बॉडी यांच्यामध्ये पाच व्होल्ट बरोबर आले. तीच पिन आणि परतीची पिन यांच्यामध्ये काहीच नाही. म्हणजे परतीची वायर कुठेतरी तुटलेली, म्हणूनच सिग्नल वर जाऊन बसलेला. मग तो हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हाताने चाचपत गेला. इंजिनच्या मागच्या क्लॅम्पखाली टेप सोलून निघाला होता, आतली तार हिरवी पडून तुटली होती. क्लॅम्पचं रबर नव्हतंच, लोखंडावर वायर घासत होती. प्रमाणित यार्डात तपासणी करताना हे कुणाला दिसलं नाही, पुढे सेन्सर बदलणाऱ्यालाही दिसलं नाही. वायरमनने तार जोडून सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली आणि चहा पिऊन गेला. त्याने घेतलेल्या पैशात तुमच्या इंजिनिअरची गाडी आमच्या फाट्यापर्यंतही येत नाही.

आता मुद्दा असा की कोड ॲक्टिव्ह नाही, पण हिस्टरीत बसलाय आणि मशीन अजून पूर्ण ताकद देत नाही. तो पुसायला तुमचाच लॅपटॉप लागतो. एवढ्यासाठी काल तुमच्या टोल फ्री नंबरवर फोन केला. तो फोन तुमच्याकडे रेकॉर्ड होतो असं सुरुवातीलाच सांगतात, म्हणून ऐकून घ्या.

बाई म्हणाल्या, "सर, हा इंटरनल कोड आहे, ग्राहकाला सांगता येत नाही." मी म्हटलं, "मी अर्थ विचारत नाही, मला तो पुसून हवाय." "तुम्ही मशीनचे कोण?" "मालक." "मग ऑपरेटरला फोन द्या, तुम्हाला टेक्निकल कळणार नाही." मी म्हटलं, "ऑपरेटर मीच आहे." त्यावर दोन क्षण शांतता आणि मग, "ऑपरेटरला आम्ही माहिती देत नाही सर, मालकाला फोन द्या." मी म्हटलं, "बाई, देतो," आणि फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "बोला, मालक बोलतोय." त्यांना यात काही वेगळं वाटलं नाही. पुन्हा सुरुवातीपासून सिरियल नंबर विचारला. मग गाणं लागलं. गाणं संपल्यावर वरचे साहेब आले आणि त्यांनी निकाल दिला, "तुम्ही पहिले मालक नाही आणि बाहेरच्या माणसाने वायरिंगला हात लावलाय, त्यामुळे कंपनीची जबाबदारी संपली. पेड व्हिजिट बुक करू का?"

पहिला मालक नाही. सेन्सरचं बिल माझ्या नावावर करताना मी कितवा होतो ते विचारायचं सुचलं नाही का? आणि बाहेरच्या माणसाने हात लावला म्हणून तर दोष सापडला! आतल्या माणसाने हात लावला तेव्हा फक्त बिल सापडलं.

पुन्हा सांगतो, मशीनला ईसीएमची गरज नव्हती. एक तुटलेली तार होती. मी कोटेशन मान्य केलं असतं तर ईसीएम बदलूनही 157-3 परत आलाच असता. मग तुम्ही पुढे काय बदलायला सांगणार होता, इंजिन?

आमच्या भागात लोक दहा नावं सोडून तुमचं मशीन घेतात ते पार्ट मिळतो आणि माणूस येतो म्हणून. मीही त्याच भरवशावर घेतलं. आता साईटवर कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मला ठरवावं लागेल.

मागण्या थोडक्यात. विनाकारण बदललेल्या सेन्सरचे आणि त्या व्हिजिटचे पैसे परत करा. इंजिनिअर पाठवून कोड विनामूल्य पुसा, आणि त्याला मीटर द्या. या मॉडेलच्या इंजिन हार्नेसचा नकाशा आणि कोडची यादी मला द्या. मशीन माझं आहे, त्यातल्या तारांवर माझा हक्क नाही असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?

कायद्याचं निघालंच आहे तर, 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना दंड केला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू न दिल्यामुळेच. तुम्ही मोटारी विकत नाही, ठाऊक आहे. तरी वाचून ठेवा. आणि धंद्यासाठी मशीन घेणारा ग्राहक नाही, हे उत्तर तुमच्या वकिलाकडून आलं तर तयार आहे : ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरलेली नाही. मीच मालक आणि मीच ऑपरेटर आहे, याचा पुरावा तुमच्याच रेकॉर्डिंगमध्ये आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात भेटू. टोल फ्री नंबरवरून उत्तर देऊ नका, तो मी उचलणार नाही.

आपला,
(मालक / ऑपरेटर, जो चालेल तो)
ता. जत, जि. सांगली

ता. क. : इंजिनिअरने पिशवीत नेलेला जुना सेन्सर परत पाठवा. तो चांगला आहे.